दोष स्वाराचा की गाडीचा?

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यातली गोष्ट. संध्याकाळच्या अभ्यासाला बसण्याआधी दोन कॅडेट ग्रंथालयातून तावातावाने भांडत बाहेर आले. एक कोल्हापूरचा, दुसरा सांगलीचा. हातात वर्तमानपत्राचे क्रीडापान होते, त्यावरून विषय मोटारसायकलचा असणार हे मी ओळखले. कुस्तीवरून भांडले असते तर दोघे एकाच बाजूला असते.

"उस्ताद, तुम्हीच सांगा. बान्याया संपला की डुकाटी बिघडली?"

ज्या पालकांना हे नाव ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. फ्रान्सेस्को बान्याया हा इटलीचा स्वार. मोटोजीपी ही मोटारसायकल शर्यतींची सर्वांत वरची पायरी, आणि तिथे तो २०२२ आणि २०२३ असा लागोपाठ दोनदा जगज्जेता झाला. २०२५ मध्ये मात्र त्याची गाडी रुळावर येईना. तेवढ्यात २८ सप्टेंबरला जपानमधल्या मोतेगीला तो सर्वांत पुढून सुटला, शनिवारची छोटी शर्यत जिंकला आणि रविवारची मोठीही जिंकला. त्याच्याच संघातला मार्क मार्केझ त्या दिवशी दुसरा आला आणि जगज्जेता ठरला. पुढच्याच शनिवारी इंडोनेशियात मंडालिकाला हाच बान्याया छोट्या शर्यतीत सगळ्यांत शेवटी आला. रविवारी तो सर्वांत मागे धावत होता आणि तिथेच पडला. माणूस तोच, कंपनी तीच, मेकॅनिक तेच. मध्ये फक्त सहा दिवस.

कोल्हापूरकराचे म्हणणे, गाडीत काहीतरी बदलले असणार, माणूस सहा दिवसांत गाडी चालवायला विसरत नाही. सांगलीकराचे म्हणणे, मग त्याच गाडीवर मार्केझ जगज्जेता कसा झाला? दोघांचेही बरोबर वाटते, हीच खरी अडचण. मी त्या वेळी त्यांना अभ्यासाला पिटाळले आणि मराठी पानासाठी लिहितो असे कबूल केले. आज ते ऋण फेडतो आहे.

मुले माझ्याकडे येतात कारण मी सैन्यात एकोणीस वर्षे काढली. त्यातली बरीचशी मोटारसायकलवर, टपाल पोचवत आणि पुढे प्रात्यक्षिकांच्या तुकडीत. शर्यत मी कधी केली नाही. पण पडलो पुष्कळ वेळा. आणि पडल्यावर भरायचा कागदही मला चांगला माहीत आहे. अपघात झाला की चौकशीत पहिला प्रश्न हाच असतो: यंत्राचा बिघाड की माणसाची चूक?

या प्रश्नाचे उत्तर काढायची शाळेतल्या प्रयोगशाळेची रीत सरळ आहे. एक गोष्ट स्थिर ठेवायची, दुसरी बदलायची. गाडी तीच ठेवून स्वार बदला, किंवा स्वार तोच ठेवून गाडी बदला. शर्यतींच्या जगात हा प्रयोग दर वर्षी आपोआप होतो, कारण स्वार संघ बदलतात. त्यातला सर्वांत चांगला प्रयोग एका मराठी मुलुखातल्या कंपनीच्या गाडीवर झाला आहे आणि आपल्याकडे तो फारसा कुणाला आठवत नाही.

मुंबईची महिंद्रा कंपनी २०११ मध्ये जागतिक ग्रां प्री शर्यतींत उतरली, १२५ सीसीच्या गटात. या शर्यतींत उतरलेली ती पहिली भारतीय कंपनी. पुढच्याच वर्षी तो गट बंद होऊन मोटो३ नावाचा २५० सीसी, फोर स्ट्रोक इंजिनांचा गट आला आणि सगळ्यांना नवी गाडी बनवावी लागली. महिंद्राची २०१२ ची गाडी जमली नाही. एक स्वार तर हंगाम अर्धा असताना संघ सोडून गेला. मग कंपनीने स्वित्झर्लंडच्या सूटर या कारखान्याबरोबर नवी गाडी बनवली आणि २०१३ मध्ये मलेशियातल्या सेपांगला मिगेल ऑलिव्हेरा तिच्यावर तिसरा आला. हे वाचून तुम्ही म्हणाल, म्हणजे २०१२ चा दोष गाडीचा. घाई करू नका. २०१३ मध्ये गाडी बदलली तसे स्वारही बदलले होते. दोन गोष्टी एकदम बदलल्या की प्रयोग बाद.

खरा प्रयोग २०१६ चा. त्या वर्षी महिंद्राच्या एका संघात दोन पोरे होती. एक एकोणीस वर्षांचा बान्याया, हाच तो. दुसरा अठरा वर्षांचा स्पॅनिश मुलगा, होर्हे मार्तिन. दोघांना एकच गाडी. २६ जून २०१६ ला हॉलंडमधल्या आसेनला बान्याया जिंकला आणि भारतीय कंपनीच्या गाडीने पहिल्यांदा ग्रां प्री शर्यत जिंकली. ऑक्टोबरात सेपांगला तो पुन्हा जिंकला आणि वर्षअखेरीस गुणतक्त्यात चौथा आला. मार्तिन चेकियातल्या ब्रनोला एकदा दुसरा आला खरा, पण हंगामभराच्या हिशेबात तो बराच मागे राहिला.

आता त्या वर्षअखेरीस तुम्हाला न्यायाधीश केले असते तर तुम्ही काय निकाल दिला असता? गाडी एक, संघ एक, एक जिंकतो, दुसरा जिंकत नाही. दोष मार्तिनचा, केस बंद.

मार्तिन पुढच्या वर्षी होंडावर गेला आणि एकामागून एक शर्यतींत सर्वांत पुढून सुटू लागला. २०१८ मध्ये तो मोटो३ चा जगज्जेता झाला. आणि २०२४ मध्ये मोटोजीपीचा जगज्जेता झाला तो कुणाला हरवून? बान्यायालाच, अवघ्या दहा गुणांनी. त्या वर्षी दोघेही डुकाटीवर होते. बान्याया अकरा शर्यती जिंकला, मार्तिन तीन. पण बान्यायाने पडून पडून गुण घालवले आणि मार्तिन सांभाळून गोळा करत राहिला.

तेव्हा मार्तिन कच्चा होता हा निकाल चुकीचा. महिंद्रा कच्ची होती हाही चुकीचा, कारण तिच्यावर बान्याया दोनदा जिंकला. उरते ते एवढेच की त्या दोघांचे जुळले नव्हते. घोड्यांच्या बाबतीत हे आपल्याला लगेच पटते. आपल्या रायडिंगच्या तासालाही एक घोडा एका मुलाचे ऐकतो आणि दुसऱ्याला तोंडघशी पाडतो. यंत्राच्या बाबतीत मात्र आपल्याला वाटते की ते सगळ्यांशी सारखेच वागते. महिंद्राने २०१७ नंतर या शर्यती सोडल्या, याची मला अजून हळहळ वाटते.

याहून मोठे उदाहरण व्हॅलेंटिनो रॉसीचे आहे, ते पटकन सांगतो. २००४ मध्ये तो अव्वल होंडा सोडून यामाहावर गेला. यामाहाने १९९२ नंतर मुख्य गटाचे विजेतेपद पाहिले नव्हते. रॉसी पहिलीच शर्यत जिंकला आणि विजेतेपदही. सगळे म्हणाले, स्वारच सर्व काही. मग २०११ मध्ये तो डुकाटीवर गेला, बरोबर त्याचा जुना मुख्य मेकॅनिक जेरेमी बर्जेसही गेला. दोन पूर्ण हंगामांत रॉसी एकही शर्यत जिंकला नाही. सगळे म्हणाले, गाडीच सर्व काही. पण त्याच डुकाटीवर आदल्याच वर्षी केसी स्टोनर तीन शर्यती जिंकला होता.

हे जुळणे म्हणजे नक्की काय, ते समजायला पडणे समजून घ्यावे लागते.

शर्यतीतली मोटारसायकल वळणावर साठ अंशांहून अधिक कलते. स्वाराचे कोपर जमिनीला घासते. त्या वेळी टायरचा जमिनीला टेकलेला भाग तळहाताएवढा असतो. सगळी पकड तेवढ्यातच. ही पकड म्हणजे महिन्याचा पगार समजा. त्यातून ब्रेकचा खर्च आणि वळण्याचा खर्च, दोन्ही भागवायचे. सरळ रस्त्यावर सगळा पगार ब्रेकवर उडवला तरी चालतो. वळण सुरू झाले की ब्रेकचा खर्च हळूहळू कमी करत वळण्याचा वाढवायचा. ज्या क्षणी दोघांची बेरीज पगाराबाहेर जाते त्या क्षणी पुढचे चाक निसटते आणि गाडी आतल्या बाजूला लोळते. शर्यतीत हे पडणे नेहमीचे, आणि बहुतेक वेळा स्वार माती झटकत उठतो. दुसरा प्रकार वाईट. मागचे चाक आधी घसरते, मग एकदम पकड घेते, आणि गाडी स्वाराला वर उडवून फेकते.

आता गंमत अशी की पगार दर फेरीला सारखा नसतो. पुढच्या गाडीच्या अगदी मागे चिकटून धावले की तिच्या इंजिनाची ऊब आपल्या पुढच्या टायरवर येते आणि गार वारा मिळत नाही. टायर तापतो, आतली हवा फुगते, दाब वाढतो, टेकलेला भाग लहान होतो. स्वाराने मागच्या फेरीत केले तेच केले, त्याच जागी, तेवढाच ब्रेक, आणि तरी पडला. नियमही असे की टायरमधली हवा फार कमी ठेवता येत नाही. २०२४ पासून पुढच्या टायरला किमान १.८ बार दाब लागतो, कमी भरला तर शिक्षा. तेव्हा मेकॅनिकला शर्यतीआधीच अंदाज बांधावा लागतो: आज आपला माणूस एकटा पुढे पळणार की कुणाच्या मागे अडकणार? अंदाज चुकला तर टायर चुकला. सांगा बरे, हा दोष कुणाच्या नावावर मांडायचा?

गाडीचा बिघाड हा अगदी उघड वाटला अशी एक घटना सांगतो. २३ ऑगस्ट २०२०, ऑस्ट्रियातले श्पीलबर्ग. यामाहाचा स्वार मॅव्हेरिक विन्यालेस ताशी दोनशे किलोमीटरहून अधिक वेगाने पहिल्या वळणाकडे येत होता. ब्रेक दाबला, ब्रेक नाही. त्याने क्षणात निर्णय घेतला आणि धावत्या गाडीवरून उडी टाकली. गाडी पुढे जाऊन हवेच्या गादीच्या कुंपणावर आदळली आणि पेटली. विन्यालेस चालत परत आला. लढाऊ विमानाचा वैमानिक जसा विमान सोडून देतो तसे त्याने केले, आणि ते शंभर टक्के बरोबर केले.

शुद्ध यंत्राचा बिघाड, नाही का? पण श्पीलबर्गला ब्रेकवर भयंकर ताण येतो. सरळ लांब पट्टे आणि त्यांच्या शेवटी तीव्र वळणे, त्यामुळे ब्रेकला थंड व्हायला वेळच मिळत नाही. ब्रेक बनवणाऱ्या ब्रेम्बो कंपनीने अशा ठिकाणासाठी जास्त थंड राहणारे नवे कॅलिपर दिले होते. विन्यालेसने जुनेच ठेवले, कारण त्याच्या बोटांना त्यांचा अंदाज बरा लागत होता. शिवाय ब्रेक सैल पडत असल्याचे त्याला शर्यतीत आधीपासून जाणवत होते. म्हणजे बिघाड यंत्राचा, निवड माणसाची, आणि ती निवडही मूर्खपणाची म्हणता येणार नाही. ज्या ब्रेकचा बोटांना अंदाज येत नाही तोही धोक्याचाच.

याच विन्यालेसची पुढची गोष्ट अधिक बोलकी आहे. २०२१ च्या हंगामाची पहिली शर्यत, कतारची, त्याने जिंकली. जूनमध्ये जर्मनीत झाक्सनरिंगला तो शेवटचा आला. पुढच्याच आठवड्यात आसेनला सर्वांत पुढून सुटून दुसरा आला. बान्यायाच्या मोतेगी-मंडालिकाची ही चार वर्षे आधीची उलटी आवृत्ती. संघातला दुसरा स्वार क्वार्तारारो तशीच यामाहा घेऊन त्या वर्षी जगज्जेता झाला. विन्यालेस वैतागला होता. आपले म्हणणे गाडी बनवणारे ऐकत नाहीत असे त्याला वाटत होते. ऑगस्टमध्ये ऑस्ट्रियातल्या शर्यतीत त्याने गाडी अशा रीतीने चालवली की इंजिनाला इजा व्हावी. कंपनीने गाडीतल्या नोंदी तपासल्या आणि चार दिवसांत त्याला निलंबित केले. त्याने माफी मागितली, पण करार संपला तो संपला.

गाडीत नोंदी म्हणजे काय? पुढचा ब्रेक किती दाबला, थ्रॉटल किती उघडला, दोन्ही चाके किती वेगाने फिरली, फोर्क किती दबला, गाडी किती कलली, हे सगळे सेकंदाच्या बारीक तुकड्यांत लिहिले जाते. तिथे कुणाला थाप मारता येत नाही. विन्यालेसला मी वाईट स्वार म्हणणार नाही. एप्रिल २०२४ मध्ये टेक्ससला तो एप्रिलियावर जिंकला. सुझुकी, यामाहा, एप्रिलिया अशा तीन कंपन्यांच्या गाड्यांवर मोटोजीपीची शर्यत जिंकणारा तो पहिला.

एक चलाख कॅडेट लगेच विचारेल, एवढ्या नोंदी असताना स्वाराला विचारायचेच कशाला? कारण यंत्र "काय झाले" ते सांगते, "का झाले" ते नाही. फोर्क एवढा दबला हे कागदावर दिसते. तो दबताना स्वाराला भीती वाटली आणि म्हणून त्याने पुढच्या फेरीत ब्रेक दहा मीटर आधी लावला, हे फक्त स्वारच सांगू शकतो. म्हणून प्रत्येक सरावानंतर स्वार हेल्मेट काढून खुर्चीवर बसतो आणि बोलतो, मुख्य मेकॅनिक ऐकतो. "पुढचे चाक मला काही सांगतच नाही," असे स्वार म्हणतो, आणि त्या वाक्यावरून मेकॅनिकला ठरवायचे असते की स्प्रिंग बदलायची, की गाडीचा तोल मागे-पुढे करायचा, की काहीच न करता पोराला शांत झोपू द्यायचे. सगळी जुळणी या बोलण्यावर चालते. इथे शब्द खोटा पडला तर पुढचे सगळे खोटे पडते.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही.

१९९८ साली मी उत्तरेतल्या एका छावणीत होतो. स्थापना दिनाच्या प्रात्यक्षिकाची तालीम सुरू होती. आपल्या बेंगळुरूचा ए.एस.सी.चा टोर्नेडोज संघ तुम्हाला माहीत आहे, ज्याने १९ नोव्हेंबर २०१७ ला येलहंकाच्या हवाई तळावर एका मोटारसायकलवर अठ्ठावन्न जवान चढवून बाराशे मीटर नेले. आमची तुकडी तशी नामांकित नव्हती. आठ बुलेट, आठ पोरे आणि एक कडक सुभेदार साहेब. दोन बाजूंनी गाड्या येतात आणि मध्यभागी कात्रीसारख्या एकमेकींना छेदून जातात, असा खेळ होता. मी इशाऱ्याला उशिरा निघालो. उशीर भरून काढायला रेस जास्त दिली. मध्यावर समोरून आडवी गाडी दिसली आणि घाबरून, गाडी कललेली असताना, मी पुढचा ब्रेक मूठ आवळून दाबला. खाली मुरूम होता. पुढचे झाले ते झाले.

कातडी सोलवटली, बाकी काही नाही. सुभेदार साहेब धावत आले. "क्या हुआ?"

मी म्हणालो, "साब, फ्रंट ब्रेक जाम हो गया।"

हे वाक्य तोंडातून कसे निघाले ते मला आजही कळत नाही. आधी ठरवले नव्हते. ते निघाले आणि मग तेच खरे झाले. संध्याकाळी तेच कागदावर लिहून दिले.

आमचा मेकॅनिक तमिळनाडूचा नायक होता, आम्ही त्याला अण्णा म्हणायचो. त्याने त्या रात्री दिव्याखाली बसून ड्रम उघडला. लायनर, शू, केबल सगळे नवे टाकले. सकाळी गाडी तयार. नव्या लायनरचे असे असते की ते घासून बसायला थोडे अंतर जावे लागते, तोवर कधी धरत नाहीत आणि कधी एकदम धरतात. अण्णाने दोन दिवस मागितले होते. तालमीला दोन दिवस नव्हते. त्या गाडीवर माझ्या जागी दुसरा लान्स नायक बसला, कारण माझ्या हाताला पट्टी होती. तिसऱ्या फेरीत ब्रेकने एकदम धरले आणि त्याची कॉलरबोन मोडली. त्याचे त्या वर्षीचे प्रमोशनचे केडर हुकले. अण्णाला सर्वांसमोर बोलणी बसली: काम नीट होत नसेल तर हात लावू नकोस. त्याला प्रात्यक्षिकाच्या गाड्यांवरून काढले.

मी तिथेच उभा होतो. बोललो नाही.

आता वाचकांनी चौकशी करावी. लान्स नायकाचा अपघात कशामुळे? कागदावर यंत्राचा बिघाड, आणि तो खराच होता, ब्रेक खरोखर चुकीचा धरला. पण तो बिघाड गाडीत आला कुठून?

चार महिन्यांनी माझी बदली झाली. निघायच्या आदल्या रात्री मी अण्णाकडे गेलो आणि सांगून टाकले. तो गाडीची चेन रॉकेलमध्ये धूत होता. मान वर न करता म्हणाला, "माहीत आहे. जाम झालेला ब्रेक ड्रमवर खूण ठेवतो. खूण नव्हती."

"मग सगळे बदललेस कशाला?"

"तू लिहून दिलं होतंस ना," तो म्हणाला.

त्या लान्स नायकाला मी पुढे पत्र लिहिले. उत्तर आले नाही, आणि यावे अशी माझी अपेक्षाही नाही.

वाळवंटातल्या रॅलीत मात्र सबबीला जागाच नसते. आपल्या बेंगळुरूचा सी. एस. संतोष २०१५ मध्ये दक्षिण अमेरिकेतली डकार रॅली पूर्ण करणारा पहिला भारतीय ठरला, छत्तिसावा आला. तिथे काही मुक्काम असे असतात की मेकॅनिकला गाडीजवळ येऊ देत नाहीत. दिवसभर चालवून आलेल्या स्वारानेच रात्री पाना हातात घ्यायचा. स्वतःच्या चुकीने वाकलेले हँडल स्वतःच सरळ करायचे. तिथे गाडीला शिव्या देऊन कुणाला फसवणार? तरीही वाळवंट कुणाचे ऐकत नाही. जानेवारी २०२१ मध्ये सौदी अरेबियात संतोष जबर पडला, डोक्याला मार बसला, डॉक्टरांना त्याला औषधाने बेशुद्ध ठेवावे लागले. त्यातून तो बरा होऊन घरी आला.

पालकांसाठी दोन शब्द लिहायला हवेत, कारण सुट्टीवरून परतताना काही जणांच्या मुलांच्या वहीत गाड्यांची चित्रे वाढलेली दिसतात. शर्यतीत पडणे आता पूर्वीइतके जीवघेणे राहिलेले नाही. मोटोजीपीत २०१८ पासून पोशाखात हवेची पिशवी सक्तीची आहे, जी पडता पडता फुगते. आजच्या काळात जीव जातो तो बहुधा पडून नव्हे, पडलेल्याला मागची गाडी लागून. २०१० मध्ये मिसानोला तोमिझावा, २०११ मध्ये सेपांगला सिमोन्चेली, २०२१ मध्ये मुजेलोला एकोणीस वर्षांचा डुपास्कियर, तिघेही असेच गेले. तिथे पडणाऱ्याचाही दोष नसतो आणि मागून येणाऱ्याचाही, डोळ्याची पापणी लवायलाही वेळ नसतो. मंडालिकाच्या त्या रविवारीही पहिल्याच फेरीत बेझेकीची गाडी मागून मार्केझला लागली आणि नव्या जगज्जेत्याचा हंगाम तिथेच संपला. त्याने ना चूक केली होती, ना त्याची गाडी बिघडली होती.

ऑगस्ट २०२३ मध्ये आपल्याच शहरातला तेरा वर्षांचा एक मुलगा चेन्नईजवळच्या ट्रॅकवर राष्ट्रीय स्पर्धेत गेला. त्या सकाळी तो सर्वांत वेगवान ठरला होता. आपल्या आठवीच्या वर्गातल्या मुलांएवढा. ती बातमी वाचली त्या दिवशी मी कवायतीच्या मैदानावर शिटी वाजवायची विसरलो. त्याच्याबद्दल दोष कुणाचा हा प्रश्न मी कॅडेटना विचारू दिला नाही.

राहता राहिला बान्याया. सांगलीकराला माझे उत्तर असे की मार्केझ जिंकला यावरून बान्याया संपला हे सिद्ध होत नाही, २०१६ चा मार्तिन आठव. कोल्हापूरकराला असे की मोतेगीला जिंकला यावरून मंडालिकाला गाडीच बिघडली हेही सिद्ध होत नाही, विन्यालेसचे २०२१ आठव. बान्याया त्या वर्षी दोनच मोठ्या शर्यती जिंकला आणि पाचवा आला. तो पुढचे चाक जमिनीला कसे बिलगते यावर सगळी गाडी चालवणारा स्वार आहे. जोरात ब्रेक लावत वळणात शिरणे हे त्याचे हत्यार. ती बिलगण्याची जाणीव गेली की त्याचा पगार किती हेच त्याला कळत नाही. मार्केझला चाक थोडे निसटलेले चालते, तो गुडघ्यावर आणि कोपरावर गाडी सावरतो. एकच गाडी एकाला पुरते आणि दुसऱ्याला अपुरी पडते. माझे मत विचाराल तर बिघाड गाडीत कमी आणि खुर्चीवर बसून होणाऱ्या त्या बोलण्यात जास्त असावा. पण हे मत आहे, नोंदी त्यांच्या गॅरेजमध्ये आहेत.

दोघांचे समाधान झाले नाही. २०२६ लाही डुकाटीत हीच जोडी आहे, म्हणून त्यांनी शंभर पुशअप्सची पैज लावली आणि पंच मला केले. मी एक अट घातली. पहिली शर्यत होण्याआधीच दोघांनी कागदावर लिहून द्यायचे की काय दिसले तर आपण हरलो असे मानू. कोल्हापूरकराने चार ओळी लिहून दिल्या आहेत. सांगलीकर अजून विचार करतो आहे.